भिंतीच्या आतली जागा

आमच्या देवळामागं एक दगडी भिंत आहे, माझ्या कमरेएवढी. शेळीसुद्धा उडी मारून पलीकडे जाईल. पण कुणाला भिंतीच्या आत पुरायचं आणि कुणाला बाहेर, हे अमेरिका स्वतंत्र व्हायच्या आधीपासून ठरलेलं आहे. ज्यांचे पूर्वज कॅरोलायनाच्या वसाहतीत स्वतःच्या भाड्यानं आले, कुणाचे बांधील न होता आले, त्यांचे वंशज आत. जहाजाच्या भाड्यापायी चार-पाच वर्षं दुसऱ्याच्या शेतात राबायचं लिहून देऊन जे आले, त्यांचे बाहेर. आणि त्याच्याही पलीकडे, पाइनच्या झाडांखाली, नाव नसलेले दगड आहेत. ते कुणाचे हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांना साखळ्या घालून आणलं होतं, त्यामुळं तुम्ही कसे आलात हे त्यांना कुणी विचारलं नाही.

देऊळ म्हणजे चर्च. मिरज-कोल्हापूरकडच्या आम्हा ख्रिस्ती लोकांत देऊळच म्हणतात, आणि अमेरिकेत पंचवीस वर्षं काढली तरी माझ्या तोंडचा शब्द बदललेला नाही. मॉरिसव्हिलच्या आमच्या टाउनहाऊसपासून हे देऊळ पाऊण तासावर, शेतांच्या मधे. जवळ चार देवळं आहेत, एकात तर गिटार वाजते आणि कॉफी मिळते. पण आईला प्रेस्बिटेरियनच हवं होतं. 'ज्यांनी आम्हाला पाटी-पेन्सिल दिली, त्यांच्याच दारात जायचं,' असं तिचं म्हणणं. तिचा आजोबा अमेरिकन मिशनऱ्याच्या हातून बाप्तिस्मा घेतलेला. म्हणजे इथून कुणीतरी तिकडं गेलं, आम्हाला प्रेस्बिटेरियन केलं, आणि आता आम्ही इथं येऊन मागच्या बाकावर बसतो. पुढचे बाक मोकळे असतात, पण ते कुणाकुणाचे असतात.

आता माझंही सांगते, म्हणजे मी कोण टिकोजी लागून गेले असं नको. मी अमेरिकेत स्वतःच्या हिमतीवर आले. पुण्याच्या एका कंपनीनं पाठवलं, दोन वर्षं सोडून जाणार नाही असा बाँड लिहून घेतला. पुढं व्हिसाही कंपनीच्या दावणीला, ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत बारा वर्षं त्याच खुर्चीत. पण ते सगळेच करतात, त्यात विशेष काय. देवळाच्या पॉटलकमध्ये, म्हणजे ज्यानं त्यानं आपला पदार्थ आणायच्या जेवणात, कुणी गोऱ्यानं विचारलं की मी मान ताठ करून सांगायची, 'ऑन माय ओन.'

आई आली ती वडील गेल्यावर. तिकीट मी काढते म्हटलं, तर ऐकेल तर शपथ. मिशनच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला होता तिनं, त्या पेन्शनमधून तिनं स्वतः तिकीट काढलं. 'लेकीच्या पैशानं समुद्र ओलांडायला मी काय पार्सल आहे?' मला राग आला. माझ्या पगाराचा असा अपमान आजवर कुणी केला नव्हता.

तिला इंग्रजी चांगलं समजायचं. पण इथली माणसं तोंडात घास ठेवून बोलतात, आपण का तोंड उघडायचं, म्हणून ती बोलायची नाही. बघता बघता मी तिची दुभाषी झाले, आणि तिला इंग्रजी येतं हे विसरून गेले.

मग तिच्या हृदयानं कुरकुर सुरू केली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, एक वर्ष, फार तर दीड. बाजूला घेऊन सांगितलेलं तिनं भिंतीपलीकडून ऐकलं आणि गाडीत बसल्याबसल्या म्हणाली, 'मला कुठं ठेवणार तेवढं सांग.'

नव्या लोकांसाठी हायवेजवळ एक स्मशानभूमी आहे. तिला दाखवायला नेलं. कोसभर हिरवं गवत, दगड सगळे जमिनीत सपाट बसवलेले, म्हणजे गवत कापायचं मशीन अडायला नको. पलीकडून ट्रकांची घरघर. आईनं गाडीची काचसुद्धा खाली केली नाही. 'इथं पुरलंस तर मी उठून घरी येईन,' म्हणाली. 'मला देवळाच्या मातीत ठेव. घंटा ऐकू येईल एवढ्या अंतरावर.'

भिंतीबाहेरची जागा केव्हाच भरली होती. उरली होती ती आत.

आतल्या जागेच्या चाव्या एका बाईंच्या हातात होत्या. मी त्यांना मनात भिंतीवाल्या बाई म्हणायचे. वय ऐंशीच्या पुढं, कायम निळा स्वेटर, पाठ अशी ताठ की बाकालाच त्यांचा आधार वाटावा. त्यांचा मूळ पुरुष या देवळाचा पहिला वडील, म्हणजे कारभारी मंडळातला. चाळीस वर्षं कबरस्तानाच्या समितीच्या अध्यक्षही त्याच, आणि सध्या पहिल्या कुटुंबांच्या इतिहासाचं पुस्तक लिहीत होत्या. लिहीत होत्या म्हणजे सतरा खोक्यांत कागद भरून ठेवले होते. कॉम्प्युटरला त्या हात लावत नव्हत्या. आणि मी पडले डेटावाली.

अडला हरी गाढवाचे पाय धरी. उपासना सुटल्यावर मी त्यांना गाठलं आणि म्हटलं, मी तुमचे कागद स्कॅन करून टाइप करून देते. त्या म्हणाल्या, 'हनी, परमेश्वरानंच तुला पाठवलं.' मला कुणी पाठवलं होतं ते मला ठाऊक होतं, पण मी नम्रपणे मान खाली घातली.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर एक खोकं उघडायचं. एका टोकाला बाई, दुसऱ्या टोकाला आई, मधे मी, लॅपटॉप आणि पोह्यांची ताटली. बाईंना पोहे आवडायचे, फक्त मिरच्या वेचून कडेला ओळीनं मांडून ठेवायच्या. त्या वाचायच्या, मी टाइप करायची. मूळ पुरुष आयर्लंडमधल्या अल्स्टरहून कसा निघाला, पुरेसं सोनं कमरेला बांधून, बायबल काखेत मारून. स्वतःच्या पैशानं जमीन कशी घेतली. 'ही केम फ्री,' म्हणजे कुणाचा बांधील न होता आला, असं प्रत्येक पानावर एकदा तरी यायचं.

हे ऐकून आई गप्प बसणाऱ्यांतली नाही. तिसऱ्या रविवारी म्हणाली, 'तिला सांग, माझे आजोबाही असेच आले.'

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांत एक चमत्कार घडलेला आहे, जो पवित्र शास्त्रात नाही. कुणाच्याही पणज्याची चौकशी करा, तो ब्राह्मण निघतो. नाहीतर देशमुख. सगळे पोथ्या वाचता वाचता सत्य गवसलेले. मग गावकुसाबाहेरून जी माणसं मिशनकडं आली, ती कुठं गेली, त्यांना काय मूलबाळच झालं नाही, हे प्रभूलाच ठाऊक. आईच्या आजोबांनाही माझ्या लहानपणी फक्त पागोटं होतं. मी कॉलेजात जाईपर्यंत ते कुलकर्णी झाले. माझ्या लग्नात त्यांना वतन मिळालं. आणि आता, नॉर्थ कॅरोलायनात, माझ्या डोळ्यांदेखत त्यांना घोडा आला.

'पांढरा,' आई म्हणाली. 'घरदार, वतन सोडून, स्वतःच्या घोड्यावर बसून साहेबांच्या बंगल्यावर आले. कुणाचं काही खाल्लं नाही. सांग तिला.'

मी सांगितलं. घोडा सांगितला, पांढरा सांगितला. चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही. माझे वडील असते तर हसून हसून त्यांची पुरेवाट झाली असती, कारण खरं काय ते त्यांनी मला केव्हाच सांगितलं होतं. बाईंनी मात्र चष्मा काढला, पुसला, आणि आपल्या वहीत लिहून घेतलं. 'म्हणजे तेसुद्धा फ्री आले,' त्या म्हणाल्या. दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडं बघून अशा हसल्या की विहिणी शोभाव्यात.

पुढं दोन महिन्यांनी खोकं नंबर अकरामध्ये मला तो कागद सापडला. जुन्या बायबलच्या मागच्या पुठ्ठ्यात चौपदरी घडी घालून शिवलेला, दोरा सुटला होता. मी स्कॅन केला आणि मग वाचला. मूळ पुरुषानं चार वर्षं एका शेतमालकाकडं बांधील म्हणून काम करायचं लिहून दिलं होतं. बदल्यात जहाजाचं भाडं, अन्न, आणि शेवटी एक कोट. खाली सही नव्हती, फुली होती. सोनं नाही, काखेत बायबल नाही, आणि असतं तरी ते वाचणार कोण होतं.

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. पवित्र आत्म्याला विचारून झाला नाही. मी आईला म्हटलं, 'आता बघ. ही बाई आपल्याला नाही कशी म्हणते ते बघतेच मी. हिचाच मूळ पुरुष भिंतीबाहेरचा.'

आईनं कागद हातात घेतला, दिव्याजवळ धरून सावकाश वाचला. मग त्याच घड्यांवर परत मिटला. 'होता तिथं ठेव,' म्हणाली. 'झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या बाईनं जन्मभर मूठ वळून धरलीय, आता तिची बोटं आपण उघडायची?'

'आणि तुझी जागा?'

'माझी जागा मी बघेन.'

मी कागद परत ठेवला आणि स्कॅन उडवून टाकला. पण बाईंना छापून द्यायच्या पानांना आपोआप नंबर पडत गेले होते, ते बदलायचे राहिले. आमच्या धंद्यात अशी चूक शिकाऊ पोरसुद्धा करत नाही.

सप्टेंबरात आईचे पाय सुजायला लागले, जिना बंद झाला. खालच्या हॉलमध्ये तिची कॉट टाकली. मी एकदा धीर करून बाईंना आईच्या जागेचं विचारलं. त्या नुसत्या 'समितीपुढं ठेवते' म्हणाल्या. मी तो नकारच समजले.

आणि एका रविवारी त्या खोकं न आणता नुसतं एक पाकीट घेऊन आल्या. आईच्या कॉटशेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि पत्र वाचून दाखवलं. समितीनं एकमतानं ठरवलं होतं की आमच्या आईला भिंतीच्या आत जागा द्यावी. कारण तिचे आजोबा जरी या वसाहतीत आले नसले, तरी ते आपल्या मंडळीत स्वतःच्या इच्छेनं, स्वतःच्या साधनानं, कुणाचे मिंधे न होता आले होते. कंसात घोड्याचा उल्लेख होता.

एवढ्या रविवारांचं सार्थक झालं. मी आईकडं बघितलं, तर ती छताकडं बघत होती.

'तिला सांग,' आई मराठीत म्हणाली, 'माझे आजोबा कुलकर्णी नव्हते. आमचं घर गावकुसाबाहेर होतं. दुष्काळ पडला, दोन पोरं गेली, उरलेली दोन खांद्यावर घेऊन आजोबा-आजी तीन दिवस चालत मिशनच्या बंगल्यावर आले. तिथं खडी फोडायचं काम होतं, संध्याकाळी ज्वारी मिळायची. पोट भरलं तेव्हा कुठं प्रभूचं नाव कानात शिरलं. एवढं सगळं सांग, काही गाळू नको.'

बाई माझ्या तोंडाकडं बघत होत्या. पत्र त्यांच्या मांडीवर होतं, अजून आमच्या हातात आलेलं नव्हतं. मला ते हायवेजवळचं सपाट गवत दिसलं. आणि मी म्हटलं, 'शी सेज शी इज व्हेरी ग्रेटफुल.'

'नो हॉर्स,' आई म्हणाली.

बाईंनी मान वळवली.

'नो हॉर्स, मॅडम.' वर्गात नकाशावर छडी ठेवून बोलायची तोच आवाज. 'फॅमिन. दे वॉक्ड. माय डॉटर इज टेलिंग यू अ लाय.'

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं आपण उगाच म्हणतो. त्या दिवशी मी खरोखर गालिच्याकडं बघितलं. बाई मला म्हणाल्या, 'आता ती जे बोलली ते सांग. सगळं.' मी सांगितलं. गावकूस म्हणजे काय हे समजावताना मला शब्द सापडेना, तेव्हा म्हटलं, 'गावाला एक भिंत असायची. आमची माणसं भिंतीबाहेर राहायची.' बाई म्हणाल्या, 'ते मला समजतं.'

आईचा ऑक्सिजनचा पंप तेवढा चालू होता.

'खोकं अकरा,' शेवटी बाई माझ्याकडं न बघता म्हणाल्या. 'तुझी पानं चौदावरून एकदम सोळावर जातात, हनी. पंधरावं कुठं आहे?'

उत्तर आईनंच दिलं. 'आय टोल्ड हर, कीप इट बॅक.'

बाईंनी मान हलवली. त्यांच्या वडिलांनी मरताना त्यांना तो कागद दाखवला होता, वाच आणि परत शिवून ठेव म्हणून. त्यांनीच शिवला होता, तेव्हा त्या विशीत होत्या. 'आणि त्यानंतर मी भिंतीवर राखण करत बसले,' त्या म्हणाल्या. 'माझी आई आत आहे. नवरा आत आहे. किती जणांना मी नाही म्हटलं, ते मोजत नाही.' त्यांची पाठ मात्र वाकली नाही. आईनं पांघरुणातून हात काढून त्यांच्या निळ्या बाहीवर ठेवला. मला इतकं भरून आलं आणि इतकी शरम वाटली की मी चहा टाकायला उठले.

पण स्वभावाला औषध नाही. चहा देता देता मी विचारलंच, 'मग पत्राचं काय?'

'पत्राचं काय म्हणजे?' बाई म्हणाल्या. 'ठराव झाला आहे. समितीत आठ जण आहेत, दोघांना ऐकू येत नाही, एकजण फ्लोरिडाला आहे. एका घोड्यापायी मी त्यांना परत गोळा करणार नाही.' आणि पत्र आईच्या उशीखाली सरकवलं.

पुस्तक नाताळात निघालं. त्यात आईच्या आजोबांविषयी दोन ओळी आहेत, दुष्काळात पायी आले म्हणून. बाईंच्या मूळ पुरुषाच्या प्रकरणात पंधरावं पान नाही. मात्र शेवटच्या क्षणी त्यांनी मला फोन करून सगळीकडचा 'फ्री' हा शब्द काढायला लावला. नुसतंच, ते आले. एकाही वाचकाच्या लक्षात आलं नाही. आईला वाचून दाखवलं, तर म्हणाली, 'सोनं ठेवलंच की. म्हणजे अर्धा घोडा अजून आहे.' हसता हसता तिला धाप लागली.

ती फेब्रुवारीत गेली, सकाळी, माझा हात हातात होता. मी रडले नाही. फोन करायचे होते, फॉर्म भरायचे होते, मला असं काम दिलं की मी उभी राहते.

आमच्यात सगळे मूठमाती देतात आणि खड्डा बुजेपर्यंत कुणी हलत नाही. इथं माणसं हिरव्या गालिच्यावर फुलं ठेवून निघून जातात, आणि मग मशीन येतं. मशीनवाला टोपी काढून लांब थांबला होता. मी त्याला म्हटलं, तू कर तुझं काम, आम्ही थांबणार. बाई वॉकर ढकलत आल्या, वाकता येत नव्हतं म्हणून मी त्यांच्या हातात माती दिली. ती टाकून त्या त्यांच्या भिंतीला टेकून थांबल्या, माझ्यासोबत, शेवटपर्यंत. नंतर घंटा झाली. चांगली ऐकू येत होती.

मग आम्ही देवळाच्या ऑफिसात गेलो. कबरस्तानाची जाड नोंदवही आहे, हातानं भरायची. नाव, जन्म, मृत्यू, आणि शेवटचा रकाना: कसे आले. बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

मी म्हटलं, 'लिहा, दुष्काळात, पायी.'

'ते आजोबांचं झालं. मी हिचं विचारते आहे. ही या देशात कशी आली?'

'विमानानं.'

'भाडं कुणी भरलं?'

'मी' हा शब्द ओठांवर आला होता. सगळ्या मैत्रिणींना मी तेच सांगत आले होते, आईला मी आणलं. पण समोर ती वही होती. 'तिनं,' मी म्हटलं. 'तिच्या पेन्शनमधून.'

बाईंनी वळणदार अक्षरात लिहिलं: केम फ्री. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, 'आणि तू?'

कधी नव्हे ते मी सगळं सांगितलं. बाँड, दोन वर्षं, दावणीचा व्हिसा, बारा वर्षांची खुर्ची. त्यांनी ऐकून घेतलं आणि वही मिटली.

'काळजी करू नको, हनी,' त्या म्हणाल्या. 'तू फ्री आलेल्या बाईची मुलगी आहेस. नियमाप्रमाणं तुला आत जागा आहे.'

तेव्हा मला रडू फुटलं. त्या तिकिटावरून मी आईशी आठ दिवस बोलले नव्हते.